धुऱ्यापलीकडच्याचं काय चुकते

शेतकऱ्याची प्रशिक्षणाची गरज ओळखणं ही ग्रामीण विकासाची पहिली पायरी आहे. हे वाक्य माझं नाही. ते आमच्या कार्यालयाच्या जिन्यालगतच्या भिंतीवर तेलरंगात लिहिलेलं होतं, आणि त्याच्या बरोबर खालची पहिली पायरी फुटलेली होती. साहेबांपासून शिपायापर्यंत आम्ही सगळे दुसऱ्या पायरीवर पाय ठेवून वर जात असू. फक्त पडघान बाई त्या फुटक्या पायरीवर पाय ठेवून, तोल सावरत वर येत. असं का करता म्हणून मी एकदा विचारलं.

"पाय ठेवला तं ध्यानात राह्यते ना भाऊ, का हे फुटेल हाये म्हनून," त्या म्हणाल्या.

कार्यालय बुलढाण्यात होतं. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण ते दर दोन-तीन वर्षांनी बदलत असे. पाट्या रंगवणारा पेंटर सोडला, तर त्या बदलाचा कुणाला उपयोग झाल्याचं ऐकिवात नाही. काम मात्र तेच राही. गावोगावी सर्वेक्षक पाठवायचे, शेतकऱ्यांना कशाचं प्रशिक्षण हवं ते विचारायचं, त्याचा अहवाल करायचा आणि मग प्रशिक्षण द्यायचं. मी अहवाल लिहीत असे. गावात जे सापडलं नाही ते भाषेने भरून काढायचं, असं माझं काम होतं आणि मी त्यात तरबेज होतो.

पडघान बाई कंत्राटी सर्वेक्षक होत्या. देऊळघाटच्या. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणा बांधा, कपाळावर चढवलेला चष्मा, पायांत कायम पुरुषी चपला. घरी नवरा आणि अडीच एकर वावर. याहून जास्त मला कधी कळलं नाही, कारण स्वतःबद्दल विचारलं की त्या समोरच्याच्या शेतीवर येत. कार्यालयात नव्याने लागलेल्या एका मुलीने त्यांना मॅडम म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम नोको म्हनू माय. मॅडमले खुर्ची असते." त्यांना खरोखरच खुर्ची नव्हती. कंत्राटी सर्वेक्षकाने गावात असावं असा नियम होता, आणि जो गावात असतो त्याला कार्यालयात खुर्ची लागत नाही असा त्याचा अर्थ लावलेला होता. बाई बैठकीला आल्या की दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहत.

त्यांच्या दोन सवयी आधी सांगितल्या पाहिजेत.

पहिली म्हणजे, कुणाच्याही घरी गेल्या तरी त्या आधी तिथलं काम हातात घेत. कुणी हरभरा पाखडत असेल तर सूप ओढून घेत, कुणी भेंडी तोडत असेल तर तिच्या शेजारच्या ओळीला लागत. बाकीचे सर्वेक्षक पोचल्या पोचल्या टॅब काढून घरातल्या माणसाच्या तोंडासमोर धरत. बाईंचा टॅब तासभर पिशवीतून बाहेर येत नसे. "हात रिकामे असले का मानूस खोटं बोलते," असं त्यांचं मत होतं. ते मत त्या कुणालाही लागू करत. "तुमच्या साहेबाचे हात पाह्यले का भाऊ? कसे गोरे, मोकळे."

दुसरी सवय जास्त धोक्याची होती. बाई खुशीत असोत, थट्टेत असोत, कुणाला दटावत असोत, बोलणं वऱ्हाडीतच. पण राग आला की त्या शुद्ध मराठी बोलायच्या. आवाज खाली यायचा, चष्मा कपाळावरून निघून मिटला जायचा, क्रियापदं जागच्या जागी बसायची, आणि 'आपण' सुरू व्हायचं. बाईंनी 'आपण' म्हटलं की कार्यालयातले लोक फायली उघडून वाचायला लागत. ही भाषा त्या कुठे शिकल्या विचारलं, तर म्हणाल्या, "नोटिसा वाचून वाचून."

ती भाषा मी पहिल्यांदा ऐकली ती माझ्याच अहवालावर.

आमच्या फॉर्मचा पहिला प्रश्न असा होता: आपणास शेतीविषयक प्रशिक्षणाची गरज आहे काय? उत्तर 'नाही' आलं की टॅब पुढचे सगळे प्रश्न गाळून थेट सहीवर जाई. सर्वेक्षकांना हे फार आवडे. जेवणाच्या वेळेपर्यंत गाव संपायचं. घाटाखाली, पिंपळगाव राजाच्या अलीकडे एक लहानसं गाव आहे, तिथे तर एकजात सगळ्यांनी 'नाही' सांगितलं. मी स्वतः हजर होतो. भागवत आबा म्हणून तिथले एक जुने कास्तकार ओट्यावर तंबाखू मळत बसलेले होते. सर्वेक्षकाने प्रश्न वाचला.

"गरज?" आबा म्हणाले. "मले?" मग आतल्या दाराकडे पाहिलं. दारात सून उभी होती. "अरे बाप्पा, माह्या घरून आजवर कोनी उपाशी गेला नाही. गरज ज्याले हाये त्याले विचार जा."

मी अहवालात लिहिलं: प्रशिक्षणाबाबत शेतकऱ्यांमध्ये उदासीनता आढळते. साहेबांना 'उदासीनता' इतकी आवडली की त्यांनी ती शीर्षकात घेतली.

बाईंनी तो अहवाल दारात उभ्याने वाचला आणि चष्मा मिटला.

"हे आपण लिहिलंत?"

मी हो म्हटलं.

"आमच्या गावात गरजू कुणाला म्हणतात, हे आपल्याला माहीत आहे? ज्याच्या घरी दुसऱ्याच्या घरून पीठ येतं त्याला. आपण परक्या माणसाच्या ओट्यावर बसलात आणि त्याच्या सुनेसमोर त्याला विचारलंत, की तू गरजू आहेस का. त्याने नाही म्हटलं. त्यात उदासीनता कुठे आली ते मला दाखवा."

अहवाल मात्र तसाच गेला, कारण तो छापून झाला होता.

पुढच्या आठवड्यात बाई त्याच गावात, त्याच ओट्यावर गेल्या. मलाही बरोबर नेलं, बहुधा शिक्षा म्हणून. आबांच्या पुढ्यात भुईमुगाच्या शेंगांचा ढीग होता. बाई फोडायला बसल्या. पाव तास फक्त शेंगा फुटल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "आबा, तुमच्या धुऱ्यापलीकडच्याचं काय चुकते?"

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. आबांच्या धुऱ्यापलीकडे प्रकाश नावाच्या तरुण शेतकऱ्याचं वावर होतं. आबांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"पर्काशचं? त्याचं काय नाही चुकत ते विचार. बियानं घरचं वापरते. वापर ना बाप्पा, पन मूठभर ओल्या गोनपाटात टाकून पाह्य ना, उगवते का नाही. ते नाही. मंग दुबार पेरते अन् पान्याले शिव्या देते. तननाशकाले पंप तोच, किडीच्या औषधाले तोच, मंधात धुवाचा कंटाया. मांगच्या साली कपाशीचे पानं कसे झाले, सांगू? कोंबडीच्या पायावानी."

आबा दीड तास बोलले. मी इतक्या वर्षांत शेतीवरची जी व्याख्यानं ऐकली, त्यांत याच्याइतकं नेमकं एकही नव्हतं. मग बाई धुरा ओलांडून प्रकाशकडे गेल्या आणि त्याला विचारलं, की आबांचं काय चुकतं.

"आबाचं?" प्रकाशने आधी कानाला हात लावला. "नाही ताई, आबाले सारं येते. मोठे मानूस हायेत." मग बाईंनी त्याच्या गुरांपुढचा कडबा सारखा करायला घेतला तेव्हा तो म्हणाला, "फक्त ते चार औषधं एकाच पंपात टाकतात. मी म्हटलं आबा, असं नोका करू. तं मले म्हनतात, एका डाक्टरपेक्षा चार डाक्टर बरे."

असं करत बाईंनी आठवडाभरात अख्खं गाव एकमेकांकडून वदवून घेतलं. ज्या गावाला कशाचीच गरज नव्हती, त्या गावातल्या प्रत्येक शेजाऱ्याला तातडीने प्रशिक्षण द्यायला हवं होतं. बसायलाही सगळे तयार होते. अट एकच, की धुऱ्यापलीकडच्याला पहिल्या रांगेत बसवा. बाईंनी हे सगळं एका दोनशे पानी वहीत उतरवलं, कारण टॅबमध्ये शेजाऱ्यासाठी रकाना नव्हता.

इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळदा पुष्कळांना सांगितली आहे. लोक हसतात. पुढची सांगत नाही.

श्रावणात बाई पुन्हा त्या गावी गेल्या, या वेळी बायांशी बोलायला. मी बरोबर होतोच. प्रकाशची बायको सुनंदा लसूण सोलत बसली होती. बाईंनी सवयीने चार गड्डे आपल्याकडे ओढले आणि तोच प्रश्न विचारला. सुनंदा म्हणाली, "आमचं काय चुकते ताई, अन् त्याईचं काय चुकते. आमी तं नुसतं पानी वाहतो अन् औषध कालवतो." पण सोलताना मधूनच ती उजवा हात झटकत होती. लसणाचा रस झोंबत होता.

"हाताले काय झालं वं?"

"काही नाही. औषधाचं हाये. दरसाली होते. दिवाळीपर्यंत जाते."

बाईंनी तिचा हात उजेडात धरला. तळव्याची कातडी सालपटासारखी सुटली होती, नखं पिवळी पडली होती.

"कायनं कालवते तू?"

सुनंदाने तोच हात कोपरापर्यंत दाखवला. "हातानं. काडीनं गाठी राह्यतात ना. मंग पंपाच्या तोंडात अटकते अन् मालक कटकट करतात."

बाई त्या दिवशी आणखी सहा-सात घरी जाऊन लसूण सोलून आल्या. सगळीकडे तेच हात. परत येताना गाडी घाट चढेपर्यंत त्या बोटं पदराला पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "माहा प्रश्न फसला भाऊ. धुऱ्याच्या अलीकडं जे चुकते तेच पलीकडं चुकते. मंग कोन कोनाले नावं ठेवीन?"

मी त्यांना कधी हताश पाहिलं नाही. त्या दिवशी स्वतःवर चिडलेलं पाहिलं. ते जास्त वाईट होतं, कारण स्वतःशी शुद्ध मराठी बोलता येत नाही.

पोळ्याला अजून वेळ होता. पोळ्यानंतर कपाशीच्या मोठ्या फवारण्या सुरू होतात. बाईंचं म्हणणं इतकंच होतं, की त्याच्या आत या गावातल्या बायांचा एक वर्ग व्हावा. दोन तासांचा. औषध कसं कालवायचं एवढाच विषय. हे म्हणणं घेऊन त्या साहेबांच्या दारात उभ्या राहिल्या.

साहेबांनी आयुष्यात कुणाला शिवी दिली नसेल. ते फक्त 'बघू' म्हणत. त्यांच्या टेबलावर काचेखाली मंजूर विषयांची यादी होती आणि ते बोलताना काचेवरून बोट फिरवत.

"महिलांसाठी शिवणकाम आहे," साहेब म्हणाले. "पापड-लोणची आहे. अळिंबी आहे, म्हणजे मशरूम. फवारणी पुरुषांच्या यादीत आहे, बाई. फवारणी पुरुष करतात."

"फवारतात मानसं साहेब. कालवतात बाया."

"मग पुरुषांना प्रशिक्षण देऊ. ते घरी जाऊन सांगतील."

बाईंनी चष्मा मिटला. "साहेब, आपण इथून घरी गेल्यावर काय काय सांगता?"

कोपऱ्यातला कारकून हसला आणि लगेच खोकला. साहेबांचं बोट काचेवर थांबलं. "असं करा, 'इतर'मध्ये टाका."

"टाकते. पण वर्ग पोळ्याच्या आत झाला पाहिजे. त्यानंतर तिथल्या सगळ्या बाया कोपरापर्यंत हात घालणार आहेत. मला गाडी नको, चहा नको, मंडप नको, पाहुणा नको. फक्त परवानगीचा कागद द्या. कागद नसेल तर घरची माणसं बायांना वावरातून सोडत नाहीत."

"पाहुण्याशिवाय उद्घाटन कसं होईल?" साहेबांनी विचारलं. त्यांना खरोखर प्रश्न पडला होता.

"बघू," असं ते शेवटी म्हणाले. पाहुण्याची तारीख मिळेना. बाई रोज येऊन विचारत. एकदा कागद तयार झाला, तर त्यावर पाहुण्याचं पद चुकलं होतं, म्हणून तो परत टंकायला गेला. पोळा येऊन गेला.

त्यानंतर आठवडाही झाला नव्हता. सुनंदा वावरात औषध कालवायच्या टिपाडाजवळ, म्हणजे पिंपाजवळ, कोसळली. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. प्रकाशने कुणाची तरी जीप मिळवून तिला सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी वेळेवर काय ते केलं म्हणून ती वाचली. पण ती शुद्धीवर येईपर्यंत गावात एक वाक्य फिरून आलं होतं: पर्काशच्या बायकोनं औषध घेतलं.

आमच्याकडे पिकावर मारायचं विष 'औषध' असतं. ते दुकानात औषध म्हणून मिळतं, घरात औषध म्हणून ठेवलं जातं. आणि बाईने 'औषध घेतलं' याचा अर्थ एकच होतो. सुनंदाचे भाऊ माहेरहून आले आणि त्यांनी दवाखान्याच्या आवारात प्रकाशची कॉलर धरली. सुनंदाची आई खाटेशी बसून सारखी विचारत होती, "काऊन घेतलं वं माय? काय कमी होतं तुले?" आणि सुनंदा पडल्या पडल्या म्हणत होती, "घेतलं नाही. लागलं." तो आवाज इतका बारीक होता की आईला ते पोरीने झाकून नेल्यासारखं वाटत होतं.

पडघान बाई दोन दिवस त्या खाटेपासून हलल्या नाहीत. जो भेटायला येई त्याला बसायच्या आधी सांगत, "घेतलं नाही. लागलं." लोक मान डोलवत. जाताना जिन्यात एकमेकांशी बोलत ते वेगळंच.

मी कार्यालयात ही बातमी सांगितली. साहेब हळहळले. मग म्हणाले, "घरगुती कारण असणार. आता जी औषध घेते तिला प्रशिक्षण काय करणार?" आणि पुढच्या कागदावर सही केली.

मी समोर उभा होतो. मी काही बोललो नाही. शब्दांचा पगार घेणारा माणूस होतो, आणि तिथे दोनच अक्षरं दुरुस्त करायची होती. त्याचा राग मला साहेबांचा येतो त्याहून जास्त येतो आणि तो कमी होत नाही.

बाईंना हे वाक्य कळलंच. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून थेट आल्या, केस विस्कटलेले, डोळे लाल. दारात उभ्या राहिल्या. "साहेब, घेणं आणि लागणं ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. आपण पदवीधर आहात. ती विषाने मरायला टेकली ते मी समजू शकते, विषाचं कामच ते आहे. पण तिच्या अंगावर जे दुसरं काही टाकलं गेलं त्यात आता आपलाही हात आहे. आणि आपला हात धुतलेला दिसतो, म्हणून तो लक्षात येत नाही."

साहेब म्हणाले, "बघू."

कार्तिकात पाहुण्याची तारीख मिळाली. प्रशिक्षणही मंजूर होऊन आलं. अळिंबीचं. 'महिला' आणि 'इतर' हे दोन रकाने एकत्र आले की संगणकातून अळिंबी उगवते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

शाळेसमोर मंडप पडला. शाल आली, नारळ आला, पाहुणे आले. पाहुण्यांनी कृषी संस्कृती, मातृशक्ती आणि त्यांचा स्वतःचा लहानपणीचा पायी प्रवास यांवर भाषण केलं. मग तज्ज्ञांनी सांगितलं, की अळिंबीसाठी एक थंड, अंधारी, दमट खोली राखून ठेवावी. आबांची म्हातारी पुढेच बसली होती. "थंड खोली असती तं आमीच नसतो काय निजलो तिच्यात, बाप्पा?" ती म्हणाली. बाया हसल्या. तज्ज्ञही हसले, कारण पाहुणे हसले होते. मग सगळे मान्यवर पिंपळगाव राजाला जेवायला गेले, आणि बायांना सांगितलं की जागेवर थांबा, समारोपाचा फोटो राहिला आहे.

पडघान बाई याच तासाभराची वाट पाहत होत्या. परवानगीचा कागद होता. बाया वावरातून सुटून आलेल्या होत्या. त्यांनी शाळेच्या मागून एक टिपाड गडगडवत आणलं, त्यात पाणी भरलं आणि कपड्यांना घालायच्या निळीची अख्खी बाटली त्यात ओतली.

"हे औषध हाये असं समजा," त्या म्हणाल्या. "आता कालवा, जसं वावरात कालवता तसं."

बाया लाजल्या, मग एकेक करून आल्या. हात घातले, ढवळलं, पंपात ओतलं. थट्टा चालली होती. कुणी कुणाला म्हणालं, "तुही सासू पाहून राह्यली, जोरानं ढवळ." बाई मधेमधे एवढंच सांगत, "घाम पुसा आता. पदर सारखा करा. तहान लागली, पानी प्या. लेकरू रडून राह्यलं, घे त्याले." बायांनी ते सगळं केलं. रोजच करत होत्या.

मग बाई म्हणाल्या, "आता एकमेकीकडं पाहा."

आधी हशा उठला. कुणाचा गाल निळा, कुणाचं नाक निळं. मग एकीला दिसलं, की पाण्याच्या पेल्याची कड निळी आहे. दुसरीला शेजारणीचे ओठ दिसले. कडेवरच्या पोराच्या हनुवटीवर पाच बोटं उमटली होती, आणि पोर जीभ काढून त्यातलं एक बोट चाटत होतं. हसू एका टोकाकडून थांबत थांबत दुसऱ्या टोकाला गेलं.

सुनंदा मागे बसली होती. तिने टिपाडात हात घातला नव्हता. ती उठली. अजूनही उभं राहताना तिचा हात कापायचा, म्हणून तिने मंडपाचा बांबू धरला.

"मी घेतलं नव्हतं," ती म्हणाली.

आबांच्या म्हातारीने आपला निळा पदर हातात धरून पाहिला, उलटा करून पाहिला.

"हाव माय," ती म्हणाली. "दिसलं आता."

उरलेल्या वेळात बाईंनी काय शिकवलं ते फार थोडं आहे. लांब काठी. गाठी मोडायला आधी फुटक्या वाटीत काडीने घट्ट कालवायचं, मग टिपाडात. हातमोजे, साबण, औषधाचे कपडे वेगळे, पाण्याचा पेला लांब. तुरीची फवारणी अजून बाकी होती. तेवढ्याला ते पुरलं.

या वर्गाचा फोटो मी काढला आणि कार्यालयाच्या ग्रुपवर टाकला, कारण रोज फोटो टाकणं सक्तीचं होतं. फोटोत मागे अळिंबीचा फलक आणि पुढे निळ्या हातांच्या पडघान बाई. साहेबांनी फोटो मोठा करून टिपाड पाहिलं. मंजूर विषय सोडून अन्य विषयावर मार्गदर्शन केल्याबद्दल आपणाविरुद्ध कारवाई का करू नये, याचा खुलासा मागवण्यात आला. नोटीस मी लिहिली. कार्यालयात दुसऱ्या कुणाला तशी भाषा येत नव्हती. बाईंनी खुलासा एका ओळीत दिला: बाया हाताने विष कालवत होत्या. 'औषध' हा शब्द त्यांनी लिहिला नव्हता. मार्चमध्ये सगळ्यांची कंत्राटं वाढली, त्यांचं राहिलं.

त्यानंतर बाई मला एकदाच दिसल्या. दुसऱ्या वर्षी पोळ्यानंतर, प्रशिक्षणाच्या फलनिष्पत्तीचं मूल्यमापन करायला मला त्या गावी पाठवलं होतं. प्रकाशच्या वावरात टिपाडाभोवती चार बाया होत्या. कोपरापर्यंत हातमोजे, हातांत बाभळीच्या लांब काठ्या. सुनंदा ढवळत होती. काठी दोन्ही हातांनी धरली होती, एका हाताचा भरवसा नव्हता. आणि धुऱ्यावर पडघान बाई उभ्या होत्या. आता त्यांना कुणी पाठवत नव्हतं. फवारणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा त्या देऊळघाटहून निघून, दोन गाड्या बदलून, घाट उतरून येत आणि संध्याकाळी परत जात. एका बाईची काठी आखूड होती, तिच्याशी त्यांचं चाललं होतं.

"एवढीशी काठी कायले आनली वं? दात कोरते का?"

मग त्यांना मी दिसलो. "या भाऊ. फॉर्म आनला काय?"

मी टॅब त्यांच्यापुढे धरला. या वेळी फॉर्म लहान होता. एकच प्रश्न होता: प्रशिक्षणानंतर आपण अळिंबी उत्पादन सुरू केले आहे काय? होय किंवा नाही.

बाईंनी तो वाचला. माझ्याकडे पाहिलं. टॅब परत दिला.

"घरोघरी विचारा," त्या म्हणाल्या. "अन् जे सांगतीन तेच लिहा. खोटं लिहू नोका." आणि त्या टिपाडाकडे वळल्या, कारण वारा फिरला होता आणि एक बाई वाऱ्याच्या तोंडाशी उभी होती.

मी घरोघरी विचारलं. सगळ्यांनी खरं सांगितलं. मी तेच लिहिलं. आमच्या दप्तरात ते गाव 'प्रशिक्षण निष्फळ' या यादीत आहे.